कोशू : मांडवापासून ग्लासापर्यंत

वाइनवरची पुस्तके बहुतेक वेळा ग्लासापासून सुरू होतात. रंग पाहा, वास घ्या, घोट जिभेवर फिरवा, मग बाकीचे. जपानच्या कोशू द्राक्षाच्या बाबतीत ही वाट आडरानात नेते. ग्लासातली कोशू पहिल्या भेटीत फारशी बोलत नाही. रंग पाण्याहून जेमतेम पिवळसर, वास मंद, मद्यार्क अकरा-बारा टक्के आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी राहणारी किंचित कडसर चव. आधी फ्रान्सची किंवा न्यूझीलंडची घमघमणारी पांढरी वाइन प्यायलेला माणूस "बरी आहे" म्हणून ग्लास खाली ठेवतो आणि त्याचा अभ्यास तिथेच थांबतो. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्याला माझी पहिली सूचना अशी : ग्लास थोडा वेळ राहू द्या, आधी मांडवाखाली चला. कोशू हे शेकडो वर्षे खाण्यासाठी लावलेले द्राक्ष आहे. त्याची वाइन होऊ लागली ती जेमतेम दीडशे वर्षांपूर्वी. या वाइनचे गुण, तिचे दोष, तिच्यावर झालेले संशोधन, तिच्यासाठी केलेले नियम आणि आज तिच्यापुढे उभी असलेली अडचण, सगळ्यांची मुळे या एका गोष्टीत सापडतात. पुढची प्रकरणे याच धाग्यात ओवली आहेत.

आधी जागा समजून घेऊ. टोकियोच्या शिंजुकू स्थानकातून चुओ मार्गाची गाडी पश्चिमेला निघते. दीड तासात डोंगर अंगावर येतात, ससागोचा लांब बोगदा लागतो, आणखी काही बोगदे जातात आणि एकदम डाव्या हाताला खोलगट, उजेडाने भरलेले खोरे उघडते. हे कोफूचे खोरे. चहूबाजूंनी डोंगर, दक्षिणेच्या रांगेमागून डोकावणारा फुजी, आणि डोंगरातून उतरलेल्या नद्यांनी वर्षानुवर्षे ओतलेल्या दगडगोट्यांचे उतार. पाणी या उतारांत थांबत नाही. भाताला ते गैरसोयीचे, द्राक्षाला सोयीचे. यामानाशी प्रांताचा हा भाग पूर्वी काई या नावाने ओळखला जाई. त्या काईचेच दुसरे नाव कोशू, आणि द्राक्षाला नाव मिळाले ते त्यावरून. खोऱ्याच्या पूर्व कडेला कात्सुनुमा हे गाव आहे. 2005 साली शेजारच्या गावांसह ते कोशू नावाच्या नव्या शहरात विलीन झाले, पण बाटल्यांवर आणि बोलण्यात कात्सुनुमाच टिकून आहे. ससागोचा बोगदा 1903 साली खुला झाला आणि टोकियोची बाजारपेठ एका दिवसाच्या टप्प्यात आली. त्या काळातल्या जवळच्याच एका जुन्या रेल्वेबोगद्यात आज वाइनच्या बाटल्या मुरत ठेवलेल्या असतात.

जपानच्या मानाने हे खोरे कोरडे. कोफूला वर्षाकाठी साधारण 1100 ते 1200 मिलिमीटर पाऊस पडतो आणि ऊन देशात सर्वाधिक पडणाऱ्या ठिकाणांच्या तोडीचे. पण हा कोरडेपणा जपानी मोजमापाचा आहे, भूमध्य समुद्राच्या काठचा नव्हे. खरा प्रश्न पाऊस किती पडतो याहून तो केव्हा पडतो हा. एप्रिलमध्ये वेल फुटतो, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला फुलोरा येतो, आणि लगेच जून-जुलैचा पावसाळा. मधे भाजणारा उन्हाळा : 2013 च्या ऑगस्टमध्ये कोफूचा पारा 40.7 अंशांवर गेला होता. मग घड पिकायच्या वेळी, सप्टेंबरात, तुफाने. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदाराला यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी पीक पावसाच्या तावडीतून सोडवून कोरड्या महिन्यांत ढकलता येते. यामानाशीत हिवाळ्यात वेल झोपलेला असतो, तिथे ही पळवाट नाही. डावणी, भुरी, मणी तडकणे आणि घड सडणे यांच्या मधूनच पीक काढायचे. युरोपातून आणलेल्या नाजूक जाती तिथे एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा मार खाऊन गेल्या. कोशू टिकली, कारण तिची साल जाड आहे, घड मोकळा आहे आणि ती उशिरा, सावकाश पिकते.

टिकली हे खरे, पण आली कुठून? परंपरा दोन कथा सांगते. पहिलीत इ.स. 718 मध्ये ग्योकी हा बौद्ध भिक्षू कात्सुनुमात ध्यानाला बसला असता हातात द्राक्षाचा घड घेतलेला याकुशी, म्हणजे आपल्या संस्कृत परंपरेतला भैषज्यगुरू बुद्ध, त्याला दिसला. ग्योकीने तिथे दाइझेनजी हे मंदिर उभारले आणि गावकऱ्यांना द्राक्षाची लागवड शिकवली. मंदिर आजही आहे, त्याचा 1286 सालचा मुख्य कक्ष राष्ट्रीय ठेवा म्हणून जपला जातो, आणि लोक त्याला सरळ द्राक्षमंदिर म्हणतात. दुसऱ्या कथेत 1186 साली आमेमिया कागेयू नावाच्या गावकऱ्याला डोंगरवाटेवर वेगळाच एक वेल दिसला, त्याने तो घरी आणून लावला आणि काही वर्षांनी त्याला फळ धरले. अभ्यासक या दोन कथांपैकी खरी कोणती यावर वाद घालत बसले असते तर विषय पुढे सरकला नसता. मला स्वतःला दुसरी कथा अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात द्राक्ष देवाच्या हातून येत नाही. कोणी तरी ते वेगळे म्हणून ओळखतो, उचलतो आणि लावतो. शेतीच्या इतिहासात असेच घडते.

उत्तर आले ते प्रयोगशाळेतून. जपानच्या राष्ट्रीय मद्यसंशोधन संस्थेने गेल्या दशकात कोशूची जनुके तपासली. साधारण सत्तर टक्के वारसा युरोपीय वाइन-द्राक्षाचा निघाला, व्हिटिस व्हिनिफेराचा. उरलेला पूर्व आशियातल्या रानद्राक्षांचा, आणि त्यातही आईकडचा धागा चीनमधल्या काटेरी रानवेलीच्या जवळचा. कॉकेशसच्या बाजूने निघालेले द्राक्ष रेशीममार्गावरून चीनपर्यंत आले, वाटेत तिथल्या रानवेलीशी त्याचा संकर झाला आणि त्या संकराची संतती समुद्र ओलांडून जपानला पोहोचली, असे चित्र उभे राहते. तेव्हा कोशूला जपानचे देशी द्राक्ष म्हणताना थोडा संकोच ठेवावा. आपल्या मिरचीइतकीच ती देशी आहे : आली बाहेरून, पण आता तिच्यावाचून तिथली ओळख पुरी होत नाही.

एक गोष्ट नवख्याला हमखास गोंधळात टाकते. पांढऱ्या वाइनचे हे द्राक्ष पांढरे नाही, हिरवेही नाही. पिकलेला घड गुलाबी-जांभळट, राखेची पूड उडाल्यासारखा दिसतो. रस मात्र रंगहीन असतो, म्हणून सालीपासून लगेच वेगळा केला की वाइन पांढरी. हल्ली काही उत्पादक रस मुद्दाम सालीसोबत आंबवतात आणि तांबूस-नारिंगी वाइन काढतात. सालीत कडसर, तुरट द्रव्ये पुष्कळ आहेत. खाण्याच्या द्राक्षात साल थुंकली की काम भागते, वाइनमध्ये थुंकता येत नाही. हा कडूपणा कोशूच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटेल.

आता मांडव. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तोकुहोन नावाच्या वैद्याने बांबूच्या मांडवावर वेल चढवण्याची पद्धत घालून दिली, असे यामानाशीत मानतात. पुढे बांबूची जागा तारेने घेतली, पण रचना तीच. माणूस उभा राहून हात वर करील एवढ्या उंचीवर आडवी जाळी, तिच्यावर पसरलेली पाने, आणि खाली लोंबणारे घड. पाऊस पानांवर अडतो, जमिनीवरचा चिखल घडापर्यंत उडत नाही, खालून वारा खेळतो. काम करणाऱ्याला वाकावे लागत नाही आणि प्रत्येक घड डोळ्यांसमोर येतो. काही बागांत तर प्रत्येक घडाच्या देठाशी मेण लावलेल्या कागदाची छोटी टोपी बसवतात, पावसाचे पाणी घडावर उतरू नये म्हणून. हजारो घड, हजारो टोप्या. सुंदर दिसणाऱ्या फळाला चांगला भाव मिळत असेल तरच हे परवडते. ही सगळी व्यवस्था टेबलावर ठेवायच्या फळासाठी उभी राहिली आहे.

कोशू मुळात माजणारी वेल. तिला चारी दिशांना पसरू दिले तर ती शांत राहते आणि भरपूर फळते. एकच वेल शेकडो घड वागवतो आणि बागेचा मोठा तुकडा झाकून टाकतो. युरोपात जिथे एका हेक्टरमध्ये हजारो छोट्या वेली दाटीने लावतात, तिथे कात्सुनुमाच्या मांडवाखाली मोजकीच खोडे उभी असतात. परिणाम उघड आहे. घड जास्त, म्हणून प्रत्येक मण्यात साखर कमी. वाइनसाठी रसात वीस अंश ब्रिक्सच्या आसपास गोडी असावी अशी अपेक्षा असते, कोशू बहुधा पंधरा-सोळाला अडखळते. मद्यार्क बारा टक्क्यांवर न्यायचा तर आंबवताना बाहेरून साखर घालावी लागते. युरोपातल्या थंड प्रदेशांतही हे करत आले आहेत, तेव्हा त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण ज्या वाइनला आपल्या पायावर उभे राहायचे आहे तिला ही कुबडी बोचतेच. गेल्या चाळीस वर्षांतले कोशूचे बहुतेक प्रयोग ही कुबडी लहान करण्याचे प्रयोग आहेत.

मग वाइन करायची कल्पना तरी सुचली कोणाला? मेइजी सरकारला. 1868 नंतर नव्या राजवटीने पाश्चात्त्य उद्योग देशात रुजवायचा धडाका लावला, आणि त्यात एक हिशेब असा होता की द्राक्षाची दारू वाढली तर साके गाळण्यात जाणारा तांदूळ वाचेल. कोफू शहरात 1870 च्या दशकात पहिले प्रयत्न झाले. 1877 साली कात्सुनुमाजवळच्या इवासाकीत गावकऱ्यांनी भांडवल जमवून कंपनी काढली आणि दोन तरुणांना फ्रान्सला पाठवले : पंचवीस वर्षांचा ताकानो मासानारी आणि एकोणीस वर्षांचा त्सुचिया र्‍यूकेन. भाषा येत नव्हती, आणि वर्षभरात विद्या शिकून परत यायचे अशी अट होती. शाँपेन प्रदेशातल्या त्र्वा या गावी राहून ते छाटणी, कलमे आणि मद्य तयार करणे शिकले आणि 1879 मध्ये परतले. फ्रान्समध्ये काढलेले दोघांचे छायाचित्र कात्सुनुमात इतके आपले झाले आहे की त्यांच्या आकृत्या रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसतात.

ते शिकून आले होते फ्रान्सच्या द्राक्षाची वाइन, आणि हाताशी होते मांडवावरचे कोशू. तरी वाइन झाली. विकली गेली नाही. जपानी जिभेला ती आंबट आणि तुरट लागली. कंपनी 1886 मध्ये गुंडाळावी लागली, आणि तिच्या अवशेषांतून ज्यांनी काम चालू ठेवले त्यांच्या परंपरेतून आजची शातो मर्सियाँ ही वाइनरी उभी राहिली. बाजार मात्र गोड केलेल्या, औषधी वाटणाऱ्या वाइनने जिंकला. 1907 साली बाजारात आलेली आकादामा पोर्ट वाइन हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण, आणि पुढे सनटोरी या बलाढ्य कंपनीचा पाया तिच्याच कमाईवर घातला गेला. पुढची कित्येक दशके जपानी माणसाच्या लेखी वाइन म्हणजे गोडच.

गावात काय चालले होते? चांगला घड टोकियोच्या बाजारात जाई. फुटका, डागाळलेला, उशिराचा, न विकलेला माल वाड्या-वस्त्यांवरच्या छोट्या भट्ट्यांत येई आणि त्याची वाइन होई. शेतकरीच भागीदार, शेतकरीच गिऱ्हाईक. ती साकेच्याच 1.8 लिटरच्या मोठ्या बाटलीत भरली जाई आणि चहाच्या पेल्यांतून प्यायली जाई. मोठी बाटली आणि पेला ही रीत अजून जिवंत आहे आणि मला ती मनापासून आवडते, कारण तिच्यात कोणताही आव नाही. युद्धकाळात या भट्ट्यांना विचित्र भरभराट आली. वाइनच्या पिंपात जमणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या खड्यांपासून रोशेल मीठ करता येते, ते पाणबुड्या हुडकणाऱ्या ध्वनियंत्रात लागते, आणि नौदलाला ते हवे होते. वाइन वाढवा, आम्ल द्या, असा हुकूम निघाला. आम्ल काढून घेतलेली वाइन कशी लागत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

विषयाला खरे वळण मिळाले 1980 च्या दशकात. तोपर्यंत कोशूवरची टीका ठरलेली होती : पातळ, बिनवासाची, कडू. मर्सियाँमधले आसाई उसुके यांनी फ्रान्सच्या ल्वार नदीच्या मुखाजवळची एक रीत उचलली. आंबणे संपल्यावर यीस्टचा गाळ काढून न टाकता वाइन काही महिने त्या गाळावरच ठेवायची. यीस्ट विरघळत जाते, वाइनला अंग येते, चवीत पावाच्या खरपूसपणाची छटा येते आणि कडूपणाची धार बोथट होते. म्युस्कादे हे तिथले द्राक्षही असेच मितभाषी, म्हणून ही निवड डोळस होती. पण आसाईंचे मोठेपण तंत्रात कमी आणि पुढच्या कृतीत जास्त आहे. त्यांनी हे तंत्र कंपनीचे गुपित म्हणून कुलपात ठेवले नाही, कात्सुनुमातल्या लहान-मोठ्या सगळ्या उत्पादकांना ते शिकवले. एकाच वाइनरीने चांगली कोशू काढून उपयोग नाही, गावाचे नाव व्हायला हवे, हा त्यांचा विचार. आज कोरड्या कोशूची जी सर्वसाधारण पातळी आहे ती या उदारपणावर उभी आहे. कोशूच्या इतिहासात एकाच माणसाचे नाव घ्यायचे झाले तर मी यांचे घेईन.

दुसरे वळण बोर्दो विद्यापीठातून आले. तिथे वाइनतज्ज्ञ दनी द्युबुर्दियू यांच्यासोबत काम करणारे जपानी रसायनतज्ज्ञ तोमिनागा ताकातोशी हे सोव्हिन्यों ब्लांच्या सुगंधामागच्या गंधकयुक्त रेणूंचे जाणकार होते. या शतकाच्या सुरुवातीला मर्सियाँसोबत काम करताना त्यांना तेच रेणू, म्हणजे चकोतरा आणि पॅशनफ्रूटच्या वासाचे, कोशूतही दडलेले सापडले. बिनवासाचे म्हणून हिणवलेल्या द्राक्षात वास होता, तो मोकळा होत नव्हता. का होत नव्हता याची उत्तरे पुन्हा बागेतच निघाली. या वासाचा कच्चा माल सप्टेंबरच्या मध्याला भरात असतो, तर जास्तीत जास्त गोडी मिळावी म्हणून तोडणी उशिरा करायची सवय होती. शिवाय रोगांसाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणातले तांबे हे रेणू गिळून टाकते. तोडणी अलीकडे आणली, तांब्याची फवारणी टाळली, आणि 2004 च्या हंगामातून लिंबूवर्गी सुगंधाची कोशू तयार झाली. आज कोशूचे वर्णन करताना युझू आणि काबोसू या जपानी लिंबांचे नाव हटकून येते, त्याला या कामाने आधार दिला. तोमिनागा 2008 साली अकाली गेले.

बोर्डो मिश्रणाची गोष्ट आपल्याकडच्या बागायतदाराला ओळखीची वाटेल. तशीच आणखी एक देवघेव आहे, आणि तिच्याकडे मराठीत कोणी लक्ष वेधलेले माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे मणी लांबवण्यासाठी आणि फुगवण्यासाठी घड ज्या जीएच्या द्रावणात बुडवतात, ते जिब्रेलिन जपानी संशोधकांनी भाताच्या रोगाच्या बुरशीत शोधले आणि 1930 च्या दशकात वेगळे काढले. द्राक्षावर त्याचा मोठा वापर जपानात सुरू झाला तो डेलावेअर जातीचे बिनबियांचे घड काढण्यासाठी, साधारण 1960 च्या सुमारास, आणि त्यात यामानाशीचा वाटा मोठा. नाशिक-सांगलीच्या मांडवाखालची घड बुडवायची बादली आणि कोफूच्या मांडवाखालची बादली एकाच विद्येची. वाइनच्या कोशूला तिची गरज नसते, पण शेजारच्या बांधावर खाण्याची द्राक्षे याच रीतीने होतात, आणि शेतकऱ्याचा हिशेब दोन्ही बांधांचा एकत्र असतो.

मांडव ठेवायचा की मोडायचा हा वाद कळीचा आहे. ग्रेस वाइन या 1923 पासूनच्या घराण्याने आकेनो इथे सुमारे 700 मीटर उंचीवर कोशू युरोपीय पद्धतीने, तारेच्या उभ्या कुंपणावर, दाट लावली. घड लहान झाले, संख्या घटली, गोडी वाढली. याच घराण्यातल्या मिसावा आयाना यांनी काढलेल्या तिथल्या 2013 च्या कोशूला 2014 साली लंडनच्या डिकँटर स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, आणि जगाने या द्राक्षाकडे वळून पाहिले. यावरून मांडव मागासलेला आणि कुंपण आधुनिक असे गणित मांडायचा मोह होतो. तो टाळावा. कुंपणावर कोशू धरून ठेवायला उंची, थंडी, निचरा आणि चिकाटी लागते, कात्सुनुमाच्या तळात हे सारे एकत्र मिळत नाही. उन्हाळे तापत चालले असताना पानांची सावली ही चैन राहिलेली नाही. आणि उत्तम कोशूच्या कित्येक बाटल्या आजही जुन्या मांडवाखालच्याच घडांच्या आहेत. उत्पन्न आवरले, तोडणीचा दिवस नेमका धरला, तर मांडव आड येत नाही असे माझे मत आहे.

कायद्याकडे वाइनचे रसिक ढुंकून पाहत नाहीत, पण इथे तो विषयाच्या गाभ्यात आहे. 2018 पर्यंत जपानात बनलेली वाइन या नावाखाली परदेशातून आणलेल्या द्राक्षरसाच्या अर्काची, जपानात आंबवलेली वाइनही विकता येई. 30 ऑक्टोबर 2018 पासून नियम बदलला. जपानी वाइन असे लेबल फक्त जपानात पिकलेल्या द्राक्षांच्याच वाइनला लावता येते, आणि गावाचे, जातीचे किंवा वर्षाचे नाव लिहायचे तर त्यातला 85 टक्के माल तिथला, त्या जातीचा किंवा त्या वर्षाचा असावा लागतो. या चाळणीतून पाहिले की जपानात प्यायल्या जाणाऱ्या वाइनपैकी ढोबळमानाने वीस बाटल्यांतली एकच खरी जपानी निघते. यामानाशीने त्याआधीच, 2013 साली, वाइनसाठी देशातले पहिले भौगोलिक मानांकन मिळवले होते. त्याच्या नियमांत रसाच्या किमान गोडीचा आकडा आहे : युरोपीय जातींना 18 अंश, कोशूला 14. चार अंशांची ही सूट म्हणजे मांडवाचा सगळा इतिहास एका कलमात. 2010 साली आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने कोशूची नोंद घेतली, त्यामुळे युरोपात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर जातीचे नाव छापता येऊ लागले. त्याच सुमारास पंधरा उत्पादकांनी एकत्र येऊन लंडनला दरसाल चव-मेळावे भरवायला सुरुवात केली होती.

जेवणासोबतच्या तिच्या कीर्तीलाही शास्त्राचा थोडा टेकू आहे. अनेक वाइन कच्च्या माशासोबत प्यायल्या की तोंडात उग्र मासळी वास उठतो. मर्सियाँच्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्याचे कारण वाइनमधल्या लोहाशी जोडून दाखवले : लोह जितके जास्त तितका वास जास्त. कमी लोहाची, हलकी, लिंबूवर्गी कोशू साशिमीशेजारी बसते ती केवळ देशाभिमानापोटी नाही.

हे सगळे ऐकून चित्र गुलाबी वाटेल, म्हणून अडचणही सांगायला हवी. कोशूचा खरा प्रतिस्पर्धी बरगंडीत नाही, शेजारच्या ओळीत आहे. 2006 साली नोंदणी झालेले शाइन मस्कत हे टपोरे, हिरवे, बिनबियांचे, सालीसकट खाता येणारे द्राक्ष बाजारात वाइनच्या कोशूच्या कित्येक पट भाव घेते. सत्तरी गाठलेला शेतकरी, मुलगा टोकियोत, आणि मांडव तोच. त्यावर काय चढवायचे याचे उत्तर द्यायला त्याला विद्यापीठाची गरज नसते. वाइनरीने स्वतःची जमीन घेऊन कोशू लावावी म्हटले तर शेतजमिनीचे कायदे वर्षानुवर्षे आडवे होते. 2009 नंतर भाडेपट्ट्याची वाट रुंद झाली, तेव्हा कुठे काही वाइनऱ्यांनी बागा हातात घेतल्या. खाण्याच्या द्राक्षाचे हे खोरे 2022 साली जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता पावले. मान्यतेने भाव वाढत नाही. माझ्या मते कोशूचे भवितव्य चाखणाऱ्यांच्या गुणांकनावर कमी आणि वाइनरी शेतकऱ्याला किलोमागे काय देते यावर जास्त ठरेल.

तर हे क्षेत्र असे आहे. वनस्पतिशास्त्र, रसायन, मंदिरांच्या कथा, रेल्वे, नौदल, लेबलांचे कायदे आणि बाजारभाव, सगळे एका गुलाबी मण्याभोवती. एकाच शास्त्रात मुरलेल्या माणसाला ते पुरते हाती लागत नाही, आणि नवशिक्याला यात जागा आहे ती त्यामुळेच. प्रकरणे क्रमाने वाचली नाहीत तरी चालेल, मात्र लेबलांच्या नियमांचे प्रकरण वगळू नका. चाखायची संधी मिळाली तर आदल्याच वर्षाची, गाळावर ठेवलेली, साधी कोशू आधी घ्या, फार गार करू नका, आणि सोबत खायला मीठ लावलेले काही तरी असू द्या. त्या वर्षाच्या द्राक्षांची नवी यामानाशी वाइन दर 3 नोव्हेंबरला विक्रीला खुली होते, त्या सुमारास जपानात असाल तर उत्तम.

आणि एक विनंती. या विषयावरचे बहुतेक मूळ साहित्य जपानीत आहे. इंग्रजीत जे आले आहे ते ग्लासाकडून पाहणाऱ्यांनी लिहिलेले, मांडवाकडून पाहणाऱ्यांनी फार थोडे. आपल्याकडे मात्र निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूरच्या घराघरांत मांडवाखाली वाढलेली मुले-मुली आहेत, त्यांतली काही कृषी महाविद्यालयांत शिकतात, आणि जपानी भाषेचे वर्ग आता पुण्यात सहज मिळतात. छाटणी, खुंट, डावणी आणि व्यापाऱ्याचा भाव या चार गोष्टी ज्यांना शिकाव्या लागत नाहीत, त्यांनी या अभ्यासात यावे. निम्मी तयारी त्यांची आधीच झालेली आहे.